मर्ज झालं की बिल्ड होतोच, मग टॅग कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. रत्नागिरीत इंजिनिअरिंगची मुलं भेटली की हा प्रश्न ठरलेला असतो: "सर, मेन ब्रँचवर मर्ज झालं की बिल्ड आपोआप होतोच. मग वेगळा टॅग कशाला?" (मर्ज म्हणजे नवा कोड मुख्य शाखेत मिसळणं, बिल्ड म्हणजे त्या कोडपासून चालणारं ॲप तयार होणं, आणि टॅग म्हणजे कोडच्या एका ठरावीक टप्प्याला दिलेलं आवृत्तीचं नाव.)

कारण एप्रिलमध्ये देवगडहून फोन येतो. आंब्याच्या पेट्यांच्या हिशेबाचं आमचं ॲप तिथले बागायतदार वापरतात. ऐन हंगामात पावती चुकली की मी आधी विचारतो, "काका, स्क्रीनवर खाली काय लिहिलंय?" काका वाचतात, "एक-चार-दोन, मग तीन, मग जी आणि पुढे कायतरी." तेवढ्यावर कळतं, १.४.२ या टॅगनंतर तीन कमिट, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या तीन नोंदी, झालेला बिल्ड आहे. म्हणजे चाचणीसाठी दिलेला, रिलीज नव्हे. ती ओळ 'गिट डिस्क्राइब' तयार करतं; कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या गिटची ही एक आज्ञा. जी म्हणजे गिट, त्यापुढे कमिटच्या हॅशची, म्हणजे त्याच्या ओळख-क्रमांकाची सुरुवात. ती कुणी हाताने लिहिलेली नसते, म्हणून तिच्यावर माझा भरवसा.

आमचा नियम साधा आहे. आवृत्तीचा टॅग पुश झाला, म्हणजे सर्व्हरवर पाठवला, तरच रिलीजचा बिल्ड चालतो. टॅग ॲनोटेटेडच हवा, त्यात कुणी, कधी, कशासाठी याची नोंद राहते. नुसत्या 'गिट पुश'ने टॅग जात नाही, तो वेगळा पाठवावा लागतो. आणि गिटहब ॲक्शन्सची (गिटहबवर बिल्ड आपोआप चालवणारी सोय) कोड आणणारी चेकआउट पायरी एरवी एकच कमिट आणते. मेनवरच्या बिल्डला आवृत्ती सापडायला हवी असेल तर फेच-डेप्थ (किती इतिहास आणायचा ते ठरवणारी सेटिंग) शून्य ठेवा, मग सगळा इतिहास टॅगसकट येतो.

पण कळकळीने सांगायचंय ते हे: बाहेर गेलेला टॅग हलवू नका. पेटीवर बागेचा शिक्का मारून ती वाशीला रवाना झाली की आतला आंबा बदलायचा नसतो. मार्च २०२५ मध्ये 'टीजे-ॲक्शन्स'च्या 'चेंज्ड-फाइल्स'वर, म्हणजे गिटहबच्या बिल्डमध्ये वापरायच्या एका तयार पायरीवर, हल्ला झाला, तेव्हा हल्लेखोरांनी जुने टॅगच घातक कमिटकडे वळवले. २३ हजारांहून जास्त रिपॉझिटरी (कोडची भांडारं) ती पायरी वापरत होत्या. त्या काळात बिल्ड चाललेल्या काहींचे पासवर्ड, टोकन (प्रवेशाच्या गुप्त किल्ल्या) लॉगमध्ये, म्हणजे बिल्डच्या नोंदीत, उघडे पडले. ज्यांनी टॅगऐवजी जुन्या, चांगल्या कमिटचा पूर्ण हॅश लिहून ठेवला होता, ते वाचले.

म्हणून बाहेरचं काही घेताना मी ४० अक्षरी हॅशच लिहितो, आणि आमच्या रिपॉझिटरीत टॅग हलवायला किंवा पुसायला कुणालाच परवानगी नाही, मलाही नाही. १.४.२ मध्ये चूक निघाली? दुरुस्त करा आणि १.४.३ काढा, त्याच संध्याकाळी काढावा लागला तरी.