तुम्ही विचारलंत म्हणून : मनाचा आजार रक्तात का दिसत नाही?

सोलापुरात आले की ओळखीची माणसे मला हमखास विचारतात, "मेंदूवर इतकी वर्षे संशोधन करता, मग नैराश्य किंवा बायपोलर आहे की नाही हे साखरेसारखे रक्त तपासून का सांगता येत नाही?" या प्रश्नामागे बहुतेक वेळा घरातलेच कुणीतरी असते, म्हणून मी घाईने उत्तर देत नाही.

माझे काका यंत्रमागावर टॉवेल विणत. त्यांना बायपोलर होता, म्हणजे मन कधी उन्मादाच्या, तर कधी नैराश्याच्या टोकाला जाण्याचा विकार. त्यावर लिथियम हे औषध चालू होते आणि दर तीन महिन्यांनी त्यांचे रक्त तपासले जाई. त्या अहवालात त्यांचा आजार लिहून येतो, असे मला लहानपणी वाटे. प्रत्यक्षात त्यात असे ते केवळ औषधाचे प्रमाण. मूत्रपिंड लिथियमला जवळजवळ मिठातील सोडियमसारखेच वागवते. घामावाटे पाणी आणि मीठ गेले की ते सोडियम राखून ठेवू लागते आणि त्याबरोबर लिथियमही शरीरात साचते. सोलापूरच्या मे महिन्यात, पारा चाळिशीपार गेलेला असताना, पत्र्याखाली दिवसपाळी करणाऱ्या माणसाला हे फार महागात पडू शकते. एका उन्हाळ्यात काकांचे हात इतके थरथरू लागले की तुटलेला धागा जोडता येईना. आजार बळावला, असे सगळ्यांनी मानले. वाढले होते ते रक्तातील लिथियम. डॉक्टरांनी मात्रा कमी केल्यावर हात स्थिर झाले. मी या विषयाकडे वळले ती त्या उन्हाळ्यामुळे.

मधुमेहात मोजायला साखर आहे. मनोदशेच्या विकारांत अशी एकच वस्तू नाही. बायपोलरमध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा असला, तरी तो असंख्य जनुकीय फरकांत विखुरलेला आहे आणि त्यांतील बहुतेकांचा प्रभाव अगदी अल्प आहे. नैराश्यात 'सेरोटोनिन (मेंदूतील पेशींमध्ये निरोप पोहोचवणारे रसायन) कमी पडते' या स्पष्टीकरणाने अनेक घरांतील लाज कमी केली, याचे मोल मी जाणते. पण ते अपुरे आहे. नैराश्यावरील नेहमीची औषधे काही तासांतच मेंदूतील सेरोटोनिनवर परिणाम करू लागतात, मन सावरायला मात्र काही आठवडे जातात. त्या आठवड्यांत पेशी स्वतःत काय बदल करतात, हा मला यातला सर्वांत मोलाचा प्रश्न वाटतो.

लिथियमचा उन्मादावरील गुण ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ मध्ये नोंदवला, परंतु जिवंत माणसाच्या मेंदूतील पेशी काढून त्यांवर तो पडताळता येत नव्हता. आता रुग्णाच्या त्वचेच्या पेशींपासून चेतापेशी वाढवता येतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बायपोलर रुग्णांच्या अशा चेतापेशी अतिउत्तेजित आढळल्या आणि ज्या रुग्णांना लिथियम लागू पडले होते, त्यांच्याच पेशी लिथियमने शांत झाल्या. औषध कुणाला लागू पडेल, हे महिनोन्महिने वाट न पाहता कळावे, यासाठी मी काम करते.

तोवर निदान होते ते रुग्णाचे आणि घरच्यांचे नीट ऐकूनच. आणि विचारणाऱ्याच्या घरी लिथियम चालू असेल, तर मी एवढे आवर्जून सांगते : उन्हाळ्याच्या तोंडावर रक्त तपासून घ्या, अळणी उपवास टाळा, पाणी कमी पडू देऊ नका आणि गोळी आपल्या मनाने बंद करू नका.