थरथरतो तेव्हाच जातो का?

कॉम्प्युटरवर फुटबॉलचा गेम, पेनल्टी मारायची वेळ आणि परत तोच आवाज, टुडुंग, गेमचा कंट्रोलर गेला. भाचा माझ्याकडे असं बघतोय की वायर मीच उपटली.

नवीनच घेऊ म्हणून पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत गेलो. काउंटरवरच्या काकांनी कंट्रोलर हातातसुद्धा घेतला नाही, मान वर न करता एवढंच विचारलं, "थरथरतो तेव्हाच जातो का?"

मी गप्प. कारण खरंच, टॅकल झाला की हातात घर्रर्र आणि लगेच डिस्कनेक्ट! आणि आम्ही बसलोय ड्रायव्हर, म्हणजे कंट्रोलर चालवणारं सॉफ्टवेअर, काढत, परत टाकत, विंडोजला शिव्या घालत.

काका म्हणाले, कॉम्प्युटरच्या पुढच्या यूएसबी पोर्टला लावत असाल, मागे थेट मदरबोर्डच्या पोर्टला लावा, मध्ये एकाचे चार पोर्ट करणारा हब नको. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलीअँपियरच्या हिशोबाचा, कंट्रोलर थरथरवणाऱ्या आतल्या मोटरी एकदम फिरल्या की करंट खेचतात, त्यात केबल जुनी किंवा पुढची वायर बारीक असली की व्होल्टेज पडतं अन् झालं. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'यूएसबी रूट हब' नावाच्या नोंदीला वीज वाचवायची टिक असते तीपण काढा. "तरी गेला तर केबल बदला. नवीन घ्यायला नंतर या." आणि वळले दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे. गोड शब्द एक नाही, पुणंच ते.

मागे लावलाय, संध्याकाळपासून चालू आहे, भाचा हरतोय पण स्वतःच्या कर्माने.

मला मात्र तो प्रश्न सोडत नाहीये. घरात आम्ही दोघं सारखे 'का जातो' करत होतो, 'कधी जातो' हे कुणी बघितलंच नाही.

तुमच्या ओळखीत आहेत का असे दुकानदार, खिशात पैसे घेऊन आलेल्याला परत पाठवणारे?