क्युलिसिफेसीज ए की बी? मादीच्या पोटाकडे बघा

बडोद्यात गच्चीवरच्या टाक्यांमध्ये वाढतो तो अ‍ॅनोफेलीस डास बहुधा स्टिफेन्सी. पादरा-सावलीकडे सकाळी गोठ्याच्या भिंतीवर बसलेला सापडतो तो क्युलिसिफेसीज. पंखांवरच्या ठिपक्यांवरून एवढं कळतं, पुढचं नाही. या एका नावाखाली ए, बी, सी, डी, ई अशा पाच जाती आहेत आणि दिसायला पाचही सारख्याच. ए हिवताप पसरवतो, बी सहसा नाही. त्यामुळे नुसते डास मोजून धोका कळत नाही.

जात ओळखायची एक वाट गुणसूत्रांची. ती बघायला अर्धगर्भार, म्हणजे रक्त अर्धं पचून अंडी अर्धी भरलेली, मादी हवी. पकडलेली मादी रक्ताने टम्म असते. कपावर साखरपाण्याचा बोळा आणि ओला टॉवेल ठेवून तिला जगवायचं. 25-27 अंशांना रक्त प्यायल्यापासून साधारण एक दिवस लागतो, थंडीत जास्त. घड्याळापेक्षा पोटावर भरवसा ठेवा: पुढे काळपट रक्त, मागचा अर्धा भाग पांढरट, की झालं. घाई केली तर बीजांडकोशातल्या पोषक पेशींची (गुणसूत्रं यांतच बघायची) केंद्रकं लहान राहतात, गुणसूत्रांचे धागे सुटत नाहीत. उशीर केला तर बलक साठतो, पेशी विरतात आणि काचेवर नुसता दाणेदार चिखल.

मारल्यावर आधी एक पाय तोडून पीसीआरसाठी, म्हणजे डीएनए तपासणीसाठी, कोरडा ठेवा. मग बीजांडकोश कार्नॉय या टिकवण्याच्या द्रावणात: तीन भाग मिथेनॉल, एक भाग ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, त्याच दिवशी केलेलं. चिठ्ठी पेन्सिलनेच लिहा, बॉलपेनची शाई मिथेनॉलमध्ये धुऊन जाते.

स्लाइडसाठी कोशाचा छोटा तुकडा पुरतो. 2 टक्के लॅक्टो-अ‍ॅसेटो-ऑर्सिनमध्ये काही मिनिटं, जादा रंग टिपून 50 टक्के प्रोपिऑनिक अ‍ॅसिडचा थेंब, वर कव्हरस्लिप. सुईच्या मागच्या टोकाने हलके ठोके द्या, मग टिपकागद ठेवून अंगठ्याने दाबा. दाबताना काच सरकली की गुणसूत्रांच्या भुजा तुटल्याच.

आधी एक्स गुणसूत्र शोधा, सगळ्यांत आखूड. ए आणि डीमध्ये ते सरळ. बी आणि सीमध्ये त्यातले दोन तुकडे उलटलेले, म्हणजे तिथल्या पट्ट्यांचा क्रम उलटा. मग दुसऱ्या गुणसूत्रावर बघायचं: जी-वन हा तुकडा उलटलेला तर बी, एच-वन तर सी, आय-वन तर डी. खरी गंमत पुढे आहे. एकाच गोठ्यात सरळ एक्सवाल्या आणि उलट्या एक्सवाल्या माद्या मिळतात, पण एक सरळ नि एक उलटा अशी जोडी जवळजवळ मिळत नाही. मिळाली असती, तर दोन धागे जुळताना तिथे फास पडलेला दिसला असता. फास नाही, म्हणजे यांचा आपसात संकर होत नाही. 1980 साली पहिल्या दोन जाती याच पुराव्यावर वेगळ्या ठरल्या.

ई मात्र इथे हाती लागत नाही. तिची ही गुणसूत्रं बीसारखीच. फरक नराच्या वाय गुणसूत्राच्या आकारात, म्हणून त्या मादीची नर पिल्लं वाढवावी लागतात.

पीसीआरला यातलं काही लागत नाही. नर, अळी, वाळका पाय, काहीही चालतं. 28-एस या रायबोसोमच्या जनुकातल्या डी-थ्री भागावरून ए-डी आणि बी-सी-ई असे दोन गट पडतात, पुढची फोड सीओ-टू जनुकावरून. पण प्रायमर (ठरावीक जागी जुळणारा डीएनएचा छोटा तुकडा) ज्या जातींसाठी बनवला त्यांच्यापलीकडचं त्याला दिसत नाही. म्हणून नव्या भागात काही माद्यांची गुणसूत्रं बघावीच, असं माझं मत. त्यासाठी पाय आणि बीजांडकोश दोन्ही कुप्यांवर एकच नंबर हवा, नाहीतर दोन्ही उत्तरं बरोबर असूनही ताळा जमत नाही.