पन्नास मागितले की पंचेचाळीस

रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी कॉस्ट अकाउंटंट आहे. फेब्रुवारीत सगळ्या विभागांची बजेटं माझ्या टेबलावर येतात. त्या दिवशी मेंटेनन्सची शीट उघडली होती. दुरुस्तीला ५० लाख मागितले होते. मागची बिलं काढून बेअरिंग, पंपांची सीलं, मोटरींचं रिवाइंडिंग, जनरेटरचं डिझेल असं एकेक जोडत गेले. कितीही ताणलं तरी बेरीज ४५ च्या वर जाईना.

मेंटेनन्सच्या साहेबांना बोलावलं. "साहेब, पाच लाख फुगवलेत तुम्ही."

मला वाटलं चिडतील. ते काही न बोलता खाली गेले आणि ग्रीसचे डाग पडलेली एक छोटी डायरी घेऊन आले. त्यात पेन्सिलीने, मशीनवार सगळा हिशोब. खाली बेरीज ४५.

"मॅडम, तुम्ही दरवर्षी सरसकट दहा टक्के उडवता. पन्नास मागितले की पंचेचाळीस मिळतात. पंचेचाळीस मागितले तर साडेचाळीस. मग कुठला पंप बंद ठेवू, तुम्हीच सांगा."

दहा टक्के कापणारा तो फॉर्म्युला मीच टाकलेला होता.

मग त्यांनी जुलैचं पान दाखवलं. आदल्या पावसाळ्यात रात्रपाळीत कंप्रेसरची मोटर जळाली होती. त्यांनी रात्रीच ती टेम्पोत घालून तुर्भ्याला रिवाइंडिंगला पाठवली, तिसऱ्या दिवशी लाइन चालू. पैसे, त्या वर्षी कपातीनंतरही उरलेल्या फुगवट्यातले. जादा मंजुरी मागितली असती तर तीन सह्या, आणि वर प्रश्न : बजेटमध्ये आधी का धरलं नाही? जळणारी मोटर आधी कशी धरणार? आणि वर्षाअखेर पैसे उरले, तर पुढच्या वर्षी तेवढे कमी. म्हणून मार्चमध्ये गरज नसलेले व्हॉल्व्हही मागवले होते. हे सांगताना त्यांची मान खाली होती.

खर्च वाढवून आणि उत्पन्न कमी करून दाखवणं म्हणजे 'बजेटरी स्लॅक', आणि तो दोष, असं मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. पण सायर्ट आणि मार्च या अभ्यासकांनी १९६३ सालीच म्हटलं होतं की संस्थेतली अशी ढील वाईट दिवसांत धक्का झेलते. मोटर जळाली तेव्हा त्या फुगवट्याने तेच केलं. तरीही लपवलेली ढील मला मान्य नाही. एका विभागात पैसा दडून बसतो, दुसरा अडून राहतो, आणि खरा आकडा कुणाच्याच हाती लागत नाही. पण ती लपवायला आम्हीच भाग पाडतो, हे त्या दिवशी कळलं.

सरसकट कपात मी काढून टाकली. मेंटेनन्सचे ४५ जसेच्या तसे ठेवले आणि खाली उघडपणे वेगळी ओळ घातली : अचानक बिघाडासाठी राखीव, ४ लाख, उरले तर पुढच्या वर्षीची रक्कम कमी होणार नाही.

मीटिंगमध्ये एमडींनी नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं. "याचे दोन करता येतील?"

मी "नाही" म्हटलं आणि जुलैचं पान त्यांच्यासमोर उघडून ठेवलं.