नाण्यापेक्षा नजर: लक्ष वळवण्याचा सराव कुठवर आला

नाण्याच्या जादूसाठी दिवाळीनंतर मी बोटांचा सराव कमी करून डोळ्यांचा वाढवला. फिंगर पाम, म्हणजे नाणं वळलेल्या बोटांत लपवून धरणं, आता हातात बसलाय. दहाचं नाणं आत असताना चहाचा ग्लास उचलतो, खिशातून मोबाइल काढतो, कुणाला काही जाणवत नाही. क्लासिक पामचं, म्हणजे नाणं तळहाताच्या मध्ये दाबून लपवण्याचं, मात्र वेगळं. परदेशी व्हिडिओंत हाफ डॉलर असतो, तो साडेतीस मिलिमीटरचा. आपलं दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं. वीसचंही तेवढंच, पण ते बाराकोनी असल्यामुळं त्याचे कोपरे तळहातात नीट रुततात. क्लासिक पामसाठी आता मी तेच वापरतो. ज्यांचं नाणं घसरतं, त्यांनी एकदा वीसचं घेऊन बघावं.

आता मुद्द्याचं. उजव्या हातातलं नाणं डाव्या हातात दिल्यासारखं करायचं आणि उजव्यातच ठेवायचं, ही चाल आपल्या सगळ्यांची. मला आता असं ठाम वाटतं की या चालीचा जीव बोटांत कमी आणि आपल्या नजरेत जास्त आहे. डावी मूठ बाजूला निघायच्या किंचित आधी माझे डोळे तिकडं निघायला हवेत. आपल्याला ज्याची काळजी, त्याचीच समोरच्याला काळजी.

याचा पुरावा प्रयोगशाळेतही मिळालाय. गुस्ताव्ह कून स्वतः जादूगार आणि मानसशास्त्रज्ञ. त्यांनी मायकेल लँड यांच्यासोबत २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. जादूगार चेंडू दोनदा वर फेकतो, तिसऱ्यांदा नुसतं फेकल्यासारखं करतो. त्यानं स्वतः वर बघितलं तेव्हा ६८ टक्के लोकांना चेंडू वर जाऊन नाहीसा झालेला ‘दिसला’. तो आपल्या हाताकडं बघत राहिला तेव्हा हे प्रमाण ३२ टक्क्यांवर आलं. हात तोच, चाल तीच, फरक फक्त नजरेचा. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, वर चेंडू दिसला म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचे डोळे प्रत्यक्षात तिथवर गेलेच नव्हते. ते जादूगाराच्या चेहऱ्याकडं बघत होते. म्हणून मी आरसा सोडला. आरशात बघायचं तर हाताकडं बघावं लागतं, आणि चोरटी हालचाल आली की नकळत पापणी मिटते. मोबाइल समोर ठेवून चित्रण करतो आणि नंतर आधी चेहरा तपासतो, मग हात.

दुसरं हत्यार प्रश्नाचं. आपल्या मराठवाड्यात एक प्रश्न कधी वाया जात नाही: ‘कुण्या गावचे?’ लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यामुळं चहाच्या टपरीवर चार गावची माणसं हमखास भेटतात. परवा एक वयस्कर काका अगदी माझ्या मुठीवर डोळे लावून उभे होते. नाणं ‘डाव्या’ मुठीत गेलं आणि मी विचारलं, “काका, गाव कोणतं?”

“औसा.”

“औशात किल्ल्याकडं का?”

“नाही, तिकडं कशाला... आमचं घर अलीकडं,” म्हणत त्यांनी मान वर केली आणि हातानं दिशा दाखवायला लागले. तेवढ्यात माझा उजवा हात शर्टाच्या खिशातला पेन काढून परतही आला होता. नाणं खिशात राहिलं. पेननं मुठीवर टकटक केलं, मूठ उघडली.

“आरं, आत्ता तर हितंच हुतं की!” काकांनी माझा डावा हात स्वतःच उलटा केला, बाही चाचपली. मग उजवाही धरला. तोही रिकामा.

हो-नाहीवर भागणारा प्रश्न इथं चालत नाही. आठवून सांगावं लागेल असं काही विचारायचं आणि उत्तर मनापासून ऐकायचं. ऐकण्याचं सोंग माणसाला लगेच कळतं. आणि हात खिशाकडं जाणार असेल तर त्याला कारण हवं. माझ्यासाठी पेन हे कारण.

सध्या बैठकीवर काम चालू आहे. इटलीत जन्मलेले जादूगार टोनी स्लायडिनी टेबलाशी बसून पुढं झुकायचे तेव्हा प्रेक्षक सावध, मागं रेलायचे तेव्हा प्रेक्षकही सैल. चोरटं काम त्या सैल क्षणात. टेबलाची गरज नाही, सतरंजीवर मांडी घालूनही हे तितकंच लागू पडतं. आपले मदारी वाटी-गोळ्याचा खेळ जमिनीवर बसूनच करत आले. त्यांच्या वाटीला वर बोंड असतं, ते दोन बोटांच्या बेचक्यात धरलं की तळहात मोकळा दिसतो आणि गोळा बोटांआड राहतो. मी घरची तीन फुलपात्रं घेतलीत, गोळे चिंध्यांचे, शेवटी वाटीखालून निघतं ते लिंबू. लिंबू आत सरकवायची वेळ म्हणजे लोक आधीच्या गोळ्यावर हसतात, एकमेकांकडं बघतात ती. मी त्या वेळी मागं रेलतो, स्वतःही हसतो. हे जमायला लागलंय.

अवघड जातात ती लहान पोरं. मोठ्या माणसाला गावाचं नाव विचारलं की तो चेहऱ्याकडं बघतो; सात-आठ वर्षांचं पोर म्हणतं, “लातूर. दुसरा हात दाव की.” त्यांच्यासाठी पोरालाच जोडीदार करून बघतोय. नाणं झाकायला त्याचाच तळहात मागायचा, म्हणजे पहारा त्याच्याच हातावर बसतो. भाच्यावर चाललं. महाशिवरात्रीला सिद्धेश्वराच्या यात्रेत बहिणीकडची सगळी पोरं येणार आहेत, तेव्हा तिघा-चौघांसमोर एकदम करून बघेन. घोळक्यात कुणाचा हात मागायचा, सगळ्यात शंकेखोर पोराचा की लाजऱ्याचा, याबद्दल तुमचा अनुभव असेल तर जरूर सांगा. माझा कल शंकेखोराकडं आहे.