सराफ्यात कीस खाताना हरलेली मॅच (माझा अनुभव)

एज ऑफ एम्पायर्स (कॉम्प्युटरवर राज्य उभारून समोरच्याशी लढायचा गेम) खेळून खरंच करिअर होतं का, हे मला इतक्या जणांनी विचारलंय की एकदाचं लिहूनच टाकतो. मी इंदूरचा, सुदामानगरचा, वय 27. 2020 ते 2024 मी एज ऑफ एम्पायर्स टू सिरियसली खेळलो, टुर्नामेंट, कोचिंग, थोडी कॉमेंट्री, सगळं केलं, आणि त्या पैशात घर चालत नाही हे इथेच सांगतो, म्हणजे ज्यांना तेवढंच हवं होतं ते मोकळे.

गेम तसा जुना, 1999चा. आमच्याकडे काकांच्या मुलाने, दादाने, जेल रोडवरून सीडी आणली होती, त्यावर तो खेळायचा आणि मी मागे स्टुलावर बसून बघायचो. मग मधे कित्येक वर्षं काही नाही. नोव्हेंबर 2019 मध्ये डेफिनिटिव्ह एडिशन, म्हणजे त्याचीच नवी आवृत्ती, आली तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो, घेतली, आणि चार महिन्यांत लॉकडाउन. पुढचं समजलंच असेल.

ज्यांनी खेळलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सुरुवातीला तुमच्याकडे तीन विलेजर म्हणजे कामकरी गावकरी, एक घोडेस्वार स्काउट आणि एक टाउन सेंटर, म्हणजे टीसी. जवळपास मेंढ्या, थोडं लांब दोन रानडुकरं, झाडं, सोनं, दगड. एक विलेजर बनायला 50 फूड आणि 25 सेकंद लागतात, आणि टीसीने सतत विलेजर काढत राहायचं, थांबायचं नाही. टीसी एक मिनिट रिकामा राहिला की तुम्ही दोन-अडीच माणसं मागे, आणि समोरचा चांगला असेल तर तेवढ्यातच मॅच गेली. हे मी आजीला सांगत होतो, ती पोळ्या करत होती, म्हणाली, "म्हणजे एक तव्यावर असताना दुसरी लाटून तयार पाहिजे, एवढंच ना?" एवढंच. पुढे मी वीस-पंचवीस लोकांना पैसे घेऊन हे शिकवलं पण आजीच्या वाक्याच्या पुढे कोणी नेलं नाही, मीसुद्धा नाही.

सरावाचं म्हणाल तर पहिले चार महिने मी फक्त पहिली दहा मिनिटं खेळायचो. गेम सुरू, दहा मिनिटं, बंद, परत सुरू. कितव्या विलेजरने डुक्कर आणायचं, त्याला बाण मारून टीसीकडे पळत यायचं, वेळ चुकली तर डुक्कर विलेजरला मारतं आणि पुढची सगळी घडी विस्कटते. घर म्हणजे हाउस वेळेत बांधायचं, नाहीतर लोकसंख्या अडकते. हात आपोआप चालायला लागेपर्यंत हेच. बोअर आहे, खोटं कशाला बोलू. लॅडरवर, म्हणजे ऑनलाइन क्रमवारीत, नवीन माणसाला 1000 इलो मिळतं (बुद्धिबळातलं इलो रेटिंग तेच हे), मी तिथून सरळ 800 च्या घरात पडलो. वर्षभरात 1500, पुढच्या वर्षात 2000 पार केलं. मला वाटलं झालं, आता आपण प्रो. पण नॉर्वेचा द वायपर, कॅनडाचा हेरा, ही मंडळी 2500 च्या पुढची आणि इलोत 400 चा फरक म्हणजे दहा-अकरा मॅचमध्ये तुम्ही एक काढलीत तरी खूप. हे गणित माहीत असूनसुद्धा प्रत्येक क्वालिफायरला आज ती एक मॅच आहे असंच वाटायचं.

बाबांना पटवायला मी तीर्थ मेहताची बातमी दाखवली होती. भुजचा मुलगा, 2018च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये हार्थस्टोनमध्ये ब्राँझ, तोही स्ट्रॅटेजीचाच गेम, पत्त्यांचा. बाबांनी चष्मा लावून पूर्ण वाचली आणि विचारलं, "हे देशाच्या पदकांत धरलं का?" नव्हतं धरलं, तेव्हा ई-स्पोर्ट्स फक्त डेमॉन्स्ट्रेशन म्हणून होता. बाबा "हं" म्हणाले. त्या "हं"वर मी चार वर्षं काढली.

आता सराफ्याचं, म्हणजे इंदूरच्या रात्री भरणाऱ्या खाऊबाजाराचं. या गेमच्या बहुतेक टुर्नामेंट युरोपच्या वेळेवर असतात. तिकडे रात्रीचे आठ म्हणजे हिवाळ्यात आपले साडेबारा. त्यामुळे माझा दिवसच उलटा, दुपारी अकराला उठायचं, संध्याकाळी सराव, मध्यरात्री मॅच, पहाटे चारला पोहेवाला हातगाडी लावायला निघाला की मी झोपायला. 27 मार्च 2022, रविवार. दोन हजारच्या आसपासच्या लोकांची एक छोटी टुर्नामेंट होती, नाव नाही घेत, मी ग्रुपमधून वर आलो होतो आणि त्या रात्री क्वार्टरफायनल. साडेबाराला मॅच म्हणून साडेदहाला मित्रांबरोबर सराफ्यात गेलो, पोटात काही तरी हवं. गर्दी नेहमीसारखीच, सोन्याची दुकानं बंद झालेली, त्यांच्या पायऱ्यांवर लोक बसलेले, मी भुट्ट्याच्या (मक्याच्या) कीसाचा दोना हातात घेऊन लिंबू पिळतोय आणि मित्र म्हणतो, "भिया, तेरा फोन कबसे चमक रहा है." डिस्कॉर्डवर अकरा मेसेज. समोरच्याने चेक-इन केलेलं, अ‍ॅडमिन विचारतोय कुठे आहेस, आणि शेवटचा मेसेज 11:45चा की पंधरा मिनिटं झाली, वॉकओव्हर.

मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळं एक तास पुढे करतात. त्यांचे आठ वाजलेच, फक्त ते आपले साडेअकरा होते, साडेबारा नाही. आपल्याकडे असलं काही नसतं त्यामुळे डोक्यातच आलं नाही, आणि मी फोनमध्ये अलार्म लावलेला तो आपल्या वेळेचा. कीस तसाच संपवला, टाकवला नाही. घरी आल्यावर आईने दार उघडलं, म्हणाली, "लवकर संपली?" मी म्हटलं, "सुरूच नाही झाली." तिला घड्याळाचं सांगितलं तर तिला खरंच वाटेना की अख्खा देश घड्याळ फिरवतो.

दुसरी हार याच्यापेक्षा जास्त लागली कारण ती माझ्या हाताने झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, दुसरी टुर्नामेंट, मॅच बेस्ट ऑफ थ्री, एक-एक झालेलं. मॅप अरेबिया, म्हणजे उघडं मैदान, इथे सुरुवातीलाच लाकडी भिंत घालून आपला बेस बंद करायचा असतो. लाकूड वाचावं म्हणून भिंतीत मधेमधे झाडं, घरं धरून घेतात, झाडातून घोडा जात नाही ना. मी छान बंद केलं होतं. आणि साडेतेराव्या मिनिटाला त्याचे सहा स्काउट आत, माझ्या लाकूडतोड्यांच्या मधे. मला कळेचना कुठून आले. मॅच गेली, जीजी (गुड गेम, हार मानताना लिहितात ते) लिहिलं, बंद केलं.

सकाळी रेक लावला, म्हणजे रेकॉर्डिंग, त्यात दोन्ही बाजूंचं सगळं दिसतं. बाबा चहा घेऊन मागे उभे राहिले, पहिल्यांदाच. मी स्पीड कमी करून त्या कोपऱ्यावर नेलं. भिंत, घर, मग एक झाड, मग परत भिंत. त्याच्या आधी माझाच एक विलेजर त्या झाडाकडे येतो, जवळचं झाड संपलं म्हणून आपोआप पुढच्याला लागतो, खटखट, झाड संपतं, आणि काही सेकंदांत त्याचा घोडा तिथून आत. बाबा म्हणाले, "अरे, हे तर तूच तोडलंस की." मग म्हणाले, परत दाखव. तीनदा बघितलं आम्ही ते. त्यानंतर बाबा अधूनमधून विचारायला लागले, "काल झाडं बघितलीस का?" पदकाचा विषय त्यांनी परत काढला नाही.

पैशांचं पटकन सांगतो. माझं सगळ्यात मोठं बक्षीस 120 डॉलर. नियमित आलं ते कोचिंगमधून, तासावर, विद्यार्थी बहुतेक अमेरिका-युरोपातले चाळिशीचे लोक, दिवसभर नोकरी करून रात्री 1100 चे 1200 व्हायला धडपडणारे, फार गोड माणसं. बाहेरून पैसे घ्यायचे तर पॅन, बँक खातं, पर्पज कोड (पैसे कशाचे आले ते सांगणारा कोड), आणि कुठला कोड निवडायचा यात माझा एक आठवडा गेला. रिटर्न भरताना सीए काका म्हणाले, धंदा काय लिहू? मी सांगायला लागलो, त्यांनी हात वर केला. "कोचिंग लिहितो. इंदूरमध्ये कोचिंग म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही." भंवरकुआँवरून, म्हणजे आमच्या कोचिंग क्लासच्या भागातून, एकदा चक्कर मारली तर काकांचं म्हणणं पटतं.

स्पॉन्सर का नाही, हेही लोक विचारतात. आपल्याकडे ई-स्पोर्ट्सचा पैसा मोबाइलवरच्या बंदुकीच्या गेममध्ये आहे. कीबोर्डवर मेंढ्या राखणाऱ्याला कोण जर्सी देणार? पण त्या गेमवर काही झालं की फोन मात्र मला. सप्टेंबर 2020ला पबजी बंद झाला, आत्याचा फोन, "तुझं बंद झालं का रे?" जुलै 2022ला बीजीएमआय, म्हणजे पबजीचंच भारतातलं रूप, काढला, परत आत्या. मे 2023ला तो परत आला तेव्हा कोणाचाच फोन नाही. आणि ऑगस्ट 2025ला ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला, त्यात पैसे लावून खेळायचे गेम बंद केले आणि ई-स्पोर्ट्सला उलट मान्यता दिलीय, तरी आत्या. मी तिला फरक सांगितला. तिने आईला फोन करून सांगितलं की त्याचं आता सरकारमान्य झालं.

एक चांगली गोष्ट म्हणजे एप्रिल 2022ला गेममध्ये गुर्जर, बंगाली, द्रविड अशी नवी राज्यं आली. आमच्या होळकरांना जागा नाही, गेमचा काळच त्यांच्या आधी संपतो, असो. गुर्जरांमध्ये मेंढ्या कापायच्याच असं नाही, मिलमध्ये नेऊन ठेवल्या की फूड येत राहतं. आजीला दाखवलं तर म्हणाली तू हेच घेत जा. मी घ्यायचो पण जरा चांगला प्लेअर असला की ड्राफ्टमध्ये (मॅचआधी राज्यं निवडताना) गुर्जर बॅन करून टाकायचा.

2024ला नोकरी धरली. कोणी सांगितलं म्हणून नाही, झोपेचं कारण होतं आणि 2150 च्या वर मी दीड वर्ष हललो नव्हतो. आता शनिवार-रविवार कोचिंग करतो, कधी एखाद्या लहान टुर्नामेंटची हिंदीत कॉमेंट्री. सध्या एक विद्यार्थी आहे, नेदरलँड्सचा, रविवारी त्याच्या आठला बसतो.

त्याची वेळ मी आता लक्षात ठेवत नाही. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयात आई दर वर्षी जानेवारीतच मार्च आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार शोधून पेनने लिहून ठेवते. 2025ला 26 ऑक्टोबरच्या चौकटीत, भाऊबीज होऊन तीन दिवस, वर "युरोप मागे" आणि खाली "दूध दीड लिटर".