पंप एअर धरलाय

मोटार घरघरते, पण पाटात पाण्याचा थेंब नाही. आमच्या बेळगाव भागात अशा वेळी विहिरीच्या काठावरून एकच निदान येतं, "पंप एअर धरलाय बग." पलीकडच्या उसातला कन्नड शेतकरीही तेच सांगतो, "एअर हिडदैती." सीमाभागात भाषेवरून वाद घालायला जागा पुष्कळ आहेत, पण पंपाच्या बाबतीत दोघांचं एकमत.

खरं तर पंप पाणी ओढतच नाही. तो नळीतला दाब कमी करतो आणि विहिरीच्या पाण्यावर रेललेली बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. तेही समुद्रसपाटीला फार तर दहा मीटर. व्यवहारात सहा-सात मीटरच धरायचे. तळाच्या फूटव्हॉल्व्हमध्ये, ज्याला गावात सर्रास 'फुटबॉल' म्हणतात, एखादी काडी अडकली की नळीतलं पाणी खाली उतरतं, आत हवा शिरते आणि पंखा रिकामाच फिरत राहतो. मग बादलीनं पाणी भरा. तेवढ्यानं भागलं नाही तर शेणकाला ओता, शेण बारीक फटी बुजवतं. पंपाबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत हा इलाज नसतो, पण लागू पडतो.

म्हणजे इथे एअरलॉक, अर्थात हवा अडकणं, हा आजार. दुसरीकडे मात्र तोच शब्द माणसाचा जीव राखतो. तिथलं 'लॉक' कुलूप नव्हे. कालव्यात होडी एका पातळीवरून दुसरीवर न्यायची तर दोन दारांमधल्या कोठीत घेतात; एक दार लावल्याशिवाय दुसरं उघडत नाही. त्या कोठीचं नाव लॉक. पाण्याऐवजी हवेचा दाब सांभाळणारी अशीच कोठी म्हणजे एअरलॉक. थॉमस कॉक्रेन या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्यानं 1830 साली तिचं पेटंट घेतलं. नदीच्या तळाशी दाबाखालच्या हवेत पुलाचा पाया खणणारे मजूर तिच्यातून ये-जा करत. मिसिसिपीवरच्या ईड्स पुलाच्या कामात त्यातले डझनाहून अधिक दगावले. तळाच्या जास्त दाबातून भरभर वर आलं की रक्तात बुडबुडे होतात, हे तेव्हा नीट उमगलं नव्हतं.

पुढे ही कोठी अंतराळात गेली. 18 मार्च 1965 रोजी सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सी लिओनोव्ह फुगवता येणाऱ्या एअरलॉकमधून यानाबाहेर पडला आणि सुमारे बारा मिनिटं तरंगला. परतताना पंचाईत झाली. बाहेरच्या पोकळीत त्याचा सूट इतका फुगून ताठरला की कोठीत नीट शिरता येईना. मला यातली गंमत अशी वाटते, की एका एअरलॉकच्या तोंडाशी त्याला आमच्या विहिरीवरच्या एअरलॉकनं गाठलं. डिझेल इंजिन एअर धरलं की आमच्याकडे पान्यानं स्क्रू सैल करून हवा सोडतात. त्यानंही तेच केलं. सूटचा व्हॉल्व्ह उघडून थोडी थोडी हवा सोडली, तीही खाली जमिनीवर कुणाला न विचारता.